कोळशाचं पेट्रोल आणि उणे साठ अंशांची धुलाई

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं कोळशापासून पेट्रोल केलं, हे मी मागे एका भागात ओझरतं बोलून गेलो. तेव्हापासून एक प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. इंदूरच्या एका निवृत्त मास्तरांनी तो विचारला, बडोद्याच्या एका बाईंनी विचारला, हैदराबादच्या एका कॉलेजच्या मुलानं विचारला. शब्द वेगळे, मतलब एकच. आपल्याकडे कोळसा ढिगानं आहे आणि तेल बाहेरून आणावं लागतं. मग जर्मनांना ऐंशी वर्षांपूर्वी जे जमलं ते आपण का करत नाही?

माझी सगळी नोकरी सैन्याच्या पुरवठा शाखेत, आर्मी सर्व्हिस कोरमध्ये गेली. लढाईच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत, मी पडलो पिंपं मोजणारा. त्यामुळे इंधन कुठून येतं, कसं टिकतं आणि कुठे अडतं, या प्रश्नांची मला सवय आहे. कोळशाच्या पेट्रोलबद्दल जेवढं वाचलं त्यातून माझं एक मत झालंय. लोक या गोष्टीत भट्टी बघतात, रसायनशास्त्रज्ञ बघतात, हिटलर बघतात. भट्टी आणि पेट्रोल यांच्यामध्ये एक धुलाईखाना असतो, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आज त्या धुलाईखान्याचा इतिहास सांगतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, दहावीपर्यंतचंच आहे.

कोळसा पुरत्या हवेत जाळला तर उष्णता मिळते. हवा मोजून द्यायची, किंवा नुसता ऑक्सिजन द्यायचा आणि सोबत वाफ सोडायची, म्हणजे कोळसा पूर्ण जळत नाही, त्याचा वायू होतो. त्यात दोन कामाचे वायू असतात, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड. या दोघांतून पुढे पेट्रोल, डिझेल, अमोनिया, मिथेनॉल, जे हवं ते बनवता येतं. पण त्यांच्याबरोबर दोन उपटसुंभ येतात. एक कार्बन डायऑक्साइड, आणि दुसरा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. पाण्यात मिसळले की दोघंही आम्लासारखे वागतात, म्हणून कारखान्यात त्यांना आम्लवायू म्हणतात. कार्बन डायऑक्साइड फुकट जागा अडवतो. हायड्रोजन सल्फाइडचा गुन्हा मोठा आहे. ज्या लोखंडाच्या, कोबाल्टच्या, तांब्याच्या किंवा निकेलच्या उत्प्रेरकावर पेट्रोल नाहीतर अमोनिया तयार व्हायचा, त्यालाच त्यातला गंधक चिकटतो. चिकटला की सुटत नाही. दहा लाख भागांत दोनचार भाग गंधक असला तरी महागाचा उत्प्रेरक हळूहळू मरतो.

माणसांच्या बाबतीतही हा वायू दगाबाज आहे. थोडा असेल तर नाकाला झोंबतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि माणसाला वाटतं, गेला बुवा वास. पहिल्या महायुद्धात १९१६ साली ब्रिटिशांनी हा वायू शस्त्र म्हणून वापरून पाहिला होता. पेटणारा वायू, हवेच्या भरवशावर सोडायचा. फारसा उपयोग झाला नाही आणि तो नाद सुटला. कोळशाच्या कारखान्यात मात्र हाच वायू दर तासाला मणामणानं तयार होतो आणि त्याला कुठेतरी पकडावंच लागतो.

तर तो पकडायचा कसा?

मुंबईकरांना हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच भेटला होता. रस्त्यावरचे दिवे गॅसवर चालायचे, तो गॅस दगडी कोळसा तापवून काढायचे. लालबाग-परळ भागात गॅस कंपनीचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. त्या काळी जगभर सगळ्या शहरांत गॅस धुण्याची रीत साधारण सारखीच होती. सुरुवातीला चुना वापरायचे. पुढे लोखंडाचा गंज आला. लाकडाच्या भुशात गंज मिसळायचा, मोठमोठ्या पेट्यांमध्ये थर द्यायचे आणि गॅस त्यातून सोडायचा. गंज गंधकाला धरून ठेवतो. पेटी भरली की माणसं उतरून फावड्यानं तो माल उपसणार, उन्हावाऱ्यात पसरणार, आणि परत भरणार. वास काय सुटत असेल याची कल्पना करा. शेजारची वस्ती गरिबांचीच असायची, हे वेगळं सांगायला नको.

दिव्यापुरतं हे ठीक होतं. दिव्याला थोडा गंधक चालतो, उत्प्रेरकाला चालत नाही.

१९२५ साली जर्मनीत म्युलहाइम इथल्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्यातून तेल काढून दाखवलं. त्याच्या आधी फ्रीडरिश बेर्गियुसनं कोळशावर प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडून तेल करण्याची दुसरी वाट काढली होती. त्या दाबाच्या कामासाठी त्याला आणि कार्ल बॉशला १९३१ साली नोबेलही मिळालं. हिटलरच्या राज्यात दोन्ही वाटांचे कारखाने उभे राहिले. विमानाचं पेट्रोल मुख्यतः बेर्गियुसच्या वाटेनं यायचं. फिशर-ट्रॉप्शचे नऊ कारखाने होते, त्यांच्यातून डिझेल आणि मेण जास्त निघायचं.

या नऊ कारखान्यांत वायू धुण्याचं काम दोन टप्प्यांत चालायचं. पहिला टप्पा आपल्या गॅस कंपनीसारखाच, गंजाच्या पेट्या. पण काही गंधक कार्बनशी जोडलेला असतो, तो गंजाला दाद देत नाही. त्याच्यासाठी दुसरा टप्पा. गंजात सोडा मिसळायचा, दोनशे-अडीचशे अंशांवर तापवायचा आणि त्यातून वायू न्यायचा. एवढं सगळं केल्यावर हजार लिटर वायूत गंधक दोन मिलिग्रॅमच्या खाली यायचा. आणि तो खर्ची पडलेला माल उपसायचा, बदलायचा, टाकायचा. चोवीस तास, वर्षभर. पेट्रोलचा कारखाना म्हणतात त्याचा मोठा भाग असा धोब्याचाच असायचा.

१२ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी लॉयना आणि आजूबाजूच्या कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवर मोठा हल्ला केला, आणि मग ते सत्र थांबलं नाही. जर्मनीचा शस्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर यानं पुढे लिहून ठेवलंय की त्या दिवशीच युद्धाचा तांत्रिक निकाल लागला असं त्याला वाटलं. श्पेअरच्या स्वतःबद्दलच्या लिखाणावर मी फार विश्वास ठेवत नाही, पण हे एक पटतं. तुम्ही कारखान्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एकरावर एकर पसरलेल्या पेट्या, नळ, झडपा, मनोरे. असला कारखाना वरून लपत नाही, आणि एक जागा फुटली की बाकी सगळं ठप्प. त्या वर्षाच्या शेवटी आर्देनच्या जंगलात जर्मन रणगाडे शत्रूचं पेट्रोल हाती लागेल या आशेवर पुढे निघाले होते. माझ्या शाखेतल्या माणसाला याहून वाईट बेत सुचणार नाही.

युद्ध संपल्यावर जर्मनांकडे कोळसा होता, ज्ञान होतं, कारखाने मोडलेले होते. फ्रँकफुर्टच्या लुर्गी कंपनीकडे एक हुकमाचं पान शिल्लक होतं. तिनं १९३६ साली हिर्शफेल्डे इथे दाबाखाली कोळशाचा वायू करणारी भट्टी चालवून दाखवली होती. या भट्टीतून वायू वीस-तीस वातावरणांच्या दाबानं बाहेर येतो. हे पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे. पण हा वायू फार घाणेरडा. डांबर, नॅफ्था, फिनॉल, सायनाइड, दोन्ही प्रकारचा गंधक, आणि जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता कार्बन डायऑक्साइड. याला गंजाच्या पेट्यांतून न्यायचं म्हणजे गाव वसवावं लागेल एवढ्या पेट्या लागणार.

इथे म्युनिकची लिंडे कंपनी आली. कार्ल फॉन लिंडे या प्राध्यापकाचं पहिलं शीतयंत्र १८७०च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत तयार झालं, बिअर गार ठेवायला. १८९५ साली त्यानं हवेचं द्रव करून दाखवलं. थंडी हा त्या घराण्याचा धंदा. लुर्गीचा दाब आणि लिंडेची थंडी, या दोन्हींचं लग्न लागलं आणि त्यातून जी पद्धत निघाली तिचं नाव रेक्टिसोल.

कल्पना तुम्हाला गोटी सोड्यानं समजेल. सोड्यात कार्बन डायऑक्साइड दाबानं भरलेला असतो. बाटली बर्फात ठेवलेली असेल तर गोटी दाबल्यावर हलकेच फुस्स होतं. तीच बाटली उन्हात तापलेली असेल तर अर्धा सोडा शर्टावर. द्रवात वायू किती विरघळतो हे दाबावर ठरतं, हा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीनं १८०३ साली मांडला. आणि थंडी वाढली की तोच वायू आणखी विरघळतो. तेव्हा दाब भरपूर ठेवा, द्रव कडाक्याचा गार ठेवा, आणि घाण वायू त्यातून न्या. नको ते द्रवात उतरेल. दाब सोडला, थोडं तापवलं, की ते परत निघून जाईल आणि द्रव मोकळा. फावडं नाही, पेटी नाही, उपसणं नाही.

हा द्रव कोणता घ्यायचा? पाणी शून्यावर गोठतं. त्यांनी मिथेनॉल घेतलं. हे तेच मिथेनॉल, जे गावठी दारूत मिसळलं की माणसं आंधळी होतात, मरतात. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराच्या वर माणसं त्यानं गेली. पण कारखान्याच्या दृष्टीनं त्यात गुण आहेत. स्वस्त आहे, ज्या कारखान्यात वायू बनतो तिथे स्वतःच बनवता येतं, आणि उणे ९७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत गोठत नाही. लडाखमध्ये साधं डिझेल थंडीनं दाटतं. पहाटे ट्रकच्या टाकीखाली शेकोटी करणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, आणि त्यांना ओरडलोही आहे. मिथेनॉल त्या थंडीत पाण्यासारखं वाहतं. उणे ४०, उणे ६० अंशांनाही पंपाला त्रास होत नाही.

आणखी एक गुण आहे, आणि मला वाटतं सगळी करामत तिथेच आहे. थंड मिथेनॉलला हायड्रोजन सल्फाइड कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळजवळ सहा पट जास्त आवडतो. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र त्यात फारसे उतरतच नाहीत. म्हणजे एकाच द्रवानं आधी गंधक काढता येतो, मग कार्बन डायऑक्साइड काढता येतो, आणि कामाचा माल जवळजवळ तसाच्या तसा वरून निघतो.

आता हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहा. घाण वायू आत येण्याआधीच त्यावर थोडं मिथेनॉल शिंपडतात. नाहीतर वायूतली वाफ नळांत गोठून बर्फ होईल आणि सगळं तुंबेल. मग वायू मनोऱ्यात खालून वर चढतो आणि गार मिथेनॉल वरून खाली झिरपतं, ताटांच्या उतरंडीवरून. पहिल्या मनोऱ्यात नॅफ्था, सायनाइड, गंधक उतरतात. पुढे कार्बन डायऑक्साइड उतरतो. वरून बाहेर पडणाऱ्या वायूत गंधक दहा लाख भागांत एक दशांश भागापेक्षाही कमी राहतो. जर्मनांच्या दोन टप्प्यांच्या पेट्यांपेक्षा दहा पटींहून चांगली धुलाई, आणि तीही एकाच पाण्यात.

खाली जमलेलं मिथेनॉल टप्प्याटप्प्यानं कमी दाबाच्या भांड्यांत सोडतात. दाब उतरला की कार्बन डायऑक्साइड उकळी फुटल्यासारखा बाहेर पडतो. बाहेर पडताना तो मिथेनॉलमधलीच उष्णता घेऊन जातो, त्यामुळे मिथेनॉल परत थंड होतं. आपला माठ जसा पाझरून गार होतो तसं. थंडी एकदा विकत घ्यायची आणि मग बरीचशी घरातच कमवायची. बाहेर जाणारा थंड वायू आत येणाऱ्या गरम वायूला गार करतो. शेवटी उरलेला हट्टी गंधक काढायला मिथेनॉलला वाफेनं उकळतात, आणि परत गार करून मनोऱ्यावर पाठवतात. निघालेला हायड्रोजन सल्फाइड क्लॉस भट्टीत जातो. ही युक्ती १८८३ सालची. तिथे त्याचा पिवळाधमक गंधक होतो आणि तो विकला जातो.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. चालवायला नाही. साधं पोलाद या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं, तिथे निकेलचं पोलाद लागतं. शेकडो उष्णता-विनिमयकांचा ताळमेळ बसावा लागतो. आणि सगळ्यात मोठी अट, हा कारखाना थांबता कामा नये. थांबला की माठ कोरडा पडला. सगळी थंडी नव्यानं कमवावी लागते, आणि तोपर्यंत पुढचं सगळं बसून. ही अट लक्षात ठेवा, आपल्या देशाच्या गोष्टीत ती परत येणार आहे.

पहिला मोठा रेक्टिसोल कारखाना १९५५ साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला, सॅसोलबर्ग इथे. तेल नसलेला, कोळशानं भरलेला देश. १९५० साली सरकारनं सॅसोल कंपनी काढली, एटिएन रूसो तिचे प्रमुख, आणि माळरानावर गाव वसवलं. लुर्गीच्या भट्ट्या, रेक्टिसोलची धुलाई, आणि पुढे फिशर-ट्रॉप्श. जर्मनीला युद्धात जे सोसून चालवावं लागलं ते इथे शांततेत, चांगल्या तऱ्हेनं चाललं.

इथे मी थोडा थांबतो, कारण ही गोष्ट नुसती यंत्राची म्हणून सांगितली तर ती खोटी होईल. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचं राज्य होतं. आपण त्या देशाशी व्यापार १९४६ सालीच तोडला होता, तसं करणारा भारत हा पहिला देश. १९७३ मध्ये अरब देशांनी त्यांचं तेल बंद केलं. इराणचं तेल चालू होतं, १९७९च्या क्रांतीनंतर तेही गेलं. एरवी असा देश काही वर्षांत गुडघ्यावर आला असता. तिथल्या गोऱ्या सरकारनं सेकुंडा इथे आणखी दोन प्रचंड कारखाने उभारले, एक १९८०ला आणि दुसरा १९८२ला सुरू झाला. रेक्टिसोल तिथेही. नेल्सन मंडेलांच्या संघटनेच्या सशस्त्र शाखेला या कारखान्यांचं मोल बरोबर कळलं होतं. १९८०च्या जूनच्या सुरुवातीला त्यांनी सॅसोलच्या ठिकाणांवर एकाच रात्री स्फोट घडवले, सॅसोलबर्गच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. सैनिक म्हणून सांगतो, लक्ष्य अचूक निवडलं होतं. अमेरिकन वैमानिकांनी १९४४ साली निवडलं होतं तेच.

गोऱ्या सरकारला आणखी दहा वर्षं टिकायला सॅसोलनं किती मदत केली यावर इतिहासकार भांडतात. मला वाटतं, मदत झाली, आणि बरीच झाली. आज तेच कारखाने लोकशाही सरकारच्या देशाला पेट्रोल देतात. मिथेनॉलला मालक कोण याचं सोयरसुतक नसतं.

आता आपल्याकडे येऊ.

तुमच्यापैकी पंजाब-हरियाणात राहणाऱ्यांनी नांगल, भटिंडा आणि पानिपतचे खत कारखाने पाहिले असतील. ते १९७८-७९च्या सुमाराला फर्नेस ऑइलवर सुरू झाले. त्या काळ्या तेलात गंधक भरपूर. तिथे वायू धुवायला रेक्टिसोलच होतं. भरूचच्या लोकांचा नर्मदा खत कारखाना १९८२चा, तिथेही तेच. ही सगळी माणसं उणे पन्नास अंशांची यंत्रं चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं चालवत आली. तेव्हा आपल्या इंजिनियरांना हे जमत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला भरूच दाखवा.

फसलं ते कोळशावर. ओडिशात तालचेर आणि तेव्हाच्या आंध्रात, आजच्या तेलंगणात, रामगुंडम. दोन्हीकडे सारखेच कारखाने, कोळशापासून रोज ९०० टन अमोनिया आणि १५०० टन युरिया करायचा होता. १९८० साली दोन्ही सुरू झाले. १९९९ साली दोन्ही बंद. मधल्या वर्षांत त्यांनी ठरलेल्या क्षमतेच्या आसपास फारसं कधी काम केलंच नाही.

लोक सहज म्हणतात, आपला कोळसाच वाईट, राखेचा. राख आहे हे खरं, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. पण सॅसोलचा कोळसाही काही चांगला नव्हे, त्यातही भरपूर राख असते. फरक भट्टीचा आहे. लुर्गीची भट्टी कोळशाचे खडे घेते आणि राख कोरडीच खाली झाडून टाकते. तालचेर-रामगुंडमला कॉपर्स-टोट्झेक भट्ट्या होत्या. त्यात कोळशाची पूड करून ऑक्सिजनबरोबर झोतानं उडवतात, आणि राख वितळवावी लागते. तीस टक्के राख वितळवायची म्हणजे चुलीत अन्नाबरोबर दगड शिजवायचा. ऑक्सिजन जातो, अस्तर जातं, नळ झिजतात. शिवाय तो वायू साध्या दाबाचा, त्याला पुढे धुलाईसाठी विजेवर दाबावा लागायचा. आणि वीज? त्या काळातली वीज आठवा. पुण्या-मुंबईत बसून आठवणार नाही कदाचित, पण नांदेड-परभणीच्या माणसाला आठवेल.

मघाशी अट सांगितली ती इथे येते. धुलाईखाना थांबता कामा नये. त्याच्यापुढे तर उणे १९० अंशांची द्रव नायट्रोजनची आणखी एक धुलाई होती. वीज दहा मिनिटांसाठी गेली तर दिवे दहा मिनिटांनी लागतात, हा माठ मात्र परत गार व्हायला कितीतरी वेळ घेतो. भट्टी कशीबशी चालू झाली की धुलाई तयार नाही, धुलाई तयार झाली की भट्टी बसली. लष्करात आम्ही म्हणायचो, काफिल्याचा वेग सर्वांत मंद गाडीएवढा. इथे प्रत्येक गाडी आळीपाळीनं मंद व्हायची.

त्यात दैवानं आणखी एक खेळ केला. १९७४ला बॉम्बे हाय सापडलं. समुद्रातला नैसर्गिक वायू आला, थळला खत कारखाना झाला, हाजिऱ्याहून उत्तरेकडे वाहिनी गेली. त्या वायूत धुण्यासारखं फार थोडं असतं. स्वच्छ कापडं घरपोच मिळत असताना धोबीघाट कोण चालवणार? नांगल, भटिंडा आणि पानिपतही २०१३च्या सुमाराला वायूवर गेले. रामगुंडम नव्यानं उभं राहिलं तेही नैसर्गिक वायूवरच.

तालचेर मात्र पुन्हा कोळशावर. २२ सप्टेंबर २०१८ रोजी नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. भागीदारांत मुंबईच्या चेंबूरची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सही आहे. या वेळी कोळशात पेटकोक मिसळून राखेचं प्रमाण खाली आणायचं ठरलंय. जुन्या चुकीवरून घेतलेला हा धडा मला योग्य वाटतो. पण पेटकोकमध्ये गंधक जास्त असतो. म्हणजे भट्टीचं ओझं कमी झालं ते धुलाईखान्याच्या डोक्यावर आलं. तालचेरपासून जवळच अंगुलला एका पोलाद कारखान्यानं मात्र लुर्गीच्या भट्ट्या आणि रेक्टिसोल लावून आपल्याच राखेच्या कोळशाचा वायू करून दाखवलाय, तो वायू लोखंड करायला वापरतात. जामनगरला पेटकोकचा वायू करतात, धुलाई तीच. तेव्हा हैदराबादच्या त्या मुलाला माझं उत्तर असं, की आपण करत नाही हे खरं नाही. पेट्रोल करत नाही, एवढंच. २००९ साली टाटा आणि सॅसोल यांच्या संयुक्त कंपनीला त्यासाठी ओडिशातच कोळशाचा पट्टा मिळाला होता. तो कारखाना झाला नाही.

२०२४च्या जानेवारीत केंद्र सरकारनं कोळशाच्या वायूकरणासाठी ८,५०० कोटींची योजना मंजूर केली. २०३० पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळशाचा वायू करायचं उद्दिष्ट आहे. आयात कमी व्हावी हे मला कोणापेक्षाही जास्त वाटतं. दर वेळी आखातात काही झालं की पहिली आठवण मला टँकरची येते. म्हणूनच एक हिशोब मी तुमच्यापुढे ठेवतो.

धुतल्यावर निघालेला गंधक विकला जातो. कार्बन डायऑक्साइडचं काय? युरियाच्या कारखान्यात त्यातला बराचसा युरियातच जातो, कारण युरिया अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांचाच होतो. कोळशावरच्या कारखान्यात युरियाला लागतो त्याहून कितीतरी जास्त निघतो. पेट्रोल करायचं तर सगळाच वर. सेकुंडाचं नाव आज जगात घेतलं जातं ते एकाच जागेवरून सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या कारखान्यांमध्ये. आणि यात गंमत अशी, की विजेच्या कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड धुरात मिसळलेला असतो, तो वेगळा काढायला मुद्दाम खर्च करावा लागतो. मिथेनॉलनं तो आधीच वेगळा काढून ठेवलेला असतो. पकडण्याचा खर्च झालेलाच आहे. प्रश्न फक्त तो नेऊन ठेवायचा कुठे, हा.

अमेरिकेत नॉर्थ डकोटात बीलाजवळ असाच एक कारखाना आहे, १९८४चा. लिग्नाइट, लुर्गीच्या चौदा भट्ट्या, रेक्टिसोल. सुरू झाल्यावर वर्षभरातच गॅसचे भाव पडले आणि मूळ मालक सोडून गेले. सरकारनं तो चालू ठेवला, पुढे वीज सहकारी संस्थेनं घेतला. २००० सालापासून तिथला कार्बन डायऑक्साइड सुमारे सव्वातीनशे किलोमीटरच्या नळातून सीमा ओलांडून कॅनडात वेबर्नला जातो. तिथल्या जुन्या तेलविहिरींत तो दाबानं सोडतात. उरलेलं तेल वर येतं, वायूचा बराच भाग खाली राहतो. त्यांना ग्राहक मिळाला, कारण तेलाच्या विहिरी जवळ होत्या.

तालचेरच्या जवळ तशा विहिरी नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कोळशाचा वायू करायचं घाटतंय, तिथेही नाहीत. गुजरातमध्ये आहेत, आसामात आहेत, कोळशापासून लांब. नागपूरचे आणि चंद्रपूरचे जे लोक हे ऐकतायत त्यांनी जनसुनावणीला जाताना भट्टी कोणती, एवढंच विचारून परत येऊ नये. धुलाईखान्याला वीज कुठून येणार, आणि मिथेनॉलमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड कोणत्या नळातून कुठे जाणार, हेही विचारावं. उत्तर कागदावर मागावं.